रेघेच्या जागी माझं नाव

या लिखाणात माझं नाव कुठंही येणार नाही. बायको जिथं ते नाव बोलली, तिथं मी रेघ ओढली आहे. वाचणाऱ्यानं त्या जागी एखादं साधं, जुन्या वळणाचं नाव घालून वाचावं. आमच्याकडं शेतकऱ्यांच्या घरात माझ्या वयाच्या मुलांची ठेवत, तसलं.

आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. चिखलीत आता पुष्कळ घरांतून घेतात, आमच्यात नाही. मायनं माझ्या वडिलांचं नाव कधी उच्चारलं नाही. बँकेत, तलाठ्याकडं, मतदानाच्या रांगेत कुणी "नवऱ्याचं नाव?" असं विचारलं की ती माझ्याकडं बघायची आणि मी सांगायचो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती "तुहे बाबा" म्हणते. बायकोही तशीच वागली. घरात मला "अवो" म्हणायची आणि परक्याशी बोलताना "सर". "सर शाळेत गेले." "सरायले इचारून सांगतो." लग्नात, डोहाळजेवणात आणि पुढं मुलीच्या लग्नात बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तेही ओळीच्या अगदी शेवटी, घाईनं, पदर तोंडाला लावून. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकताना मला दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखं वाटायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मेंदूची आकृती मी पुस्तकात न बघता फळ्यावर काढतो, बाण काढून नावं देतो. सगळ्यांत मोठा भाग प्रमस्तिष्क. त्याची कामं मुलांकडून पाठ करून घेतो: एकाग्रता, नियोजन, निर्णय, स्मरण, बुद्धी. इतकी वर्षं हेच शिकवत आलो. त्याचा मला काही उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा झालं ते एका रविवारी सकाळी. शाळेतले दोन सहकारी पेपर तपासणीच्या कामासाठी घरी आले होते. आम्ही समोरच्या खोलीत बसलो होतो आणि माय दाराशी तुरीची डाळ निवडत होती. स्वयंपाकघरातून आवाज आला,

"———, चहा झाला. घेऊन जा."

सहकाऱ्यांपैकी एकजण खोकला. दुसऱ्यानं पेपरात डोकं घातलं. मायचा सुपातला हात थांबला. मी उठलो, आत गेलो, कपबशा ट्रेमध्ये भरल्या आणि हळू आवाजात विचारलं, "हे काय?"

"काय?"

"नाव घेतलं तू माझं."

"मंग? तुहं नाव नाई का ते?"

ती चिडलेली नव्हती, मस्करीही करत नव्हती. "आज सोमवार नाही का" असं विचारावं, तसं तिनं विचारलं. मला नावापेक्षा ते "तुहं" जास्त लागलं. ट्रे घेऊन मी बाहेर आलो.

पाहुणे गेल्यावर मायनं तिला समोर बसवलं. "तुले काही लाज हाय का वं? परक्या मानसाईसमोर नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली. लेक पुण्याले गेली तं तूबी पुण्याची झाली का?"

बायको हसली आणि डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकून परसात निघून गेली.

मायचं हे बोलणं आम्हा सगळ्यांना पटलं, हेच पुढं नडलं. आमची एकुलती मुलगी लग्न करून पुण्याला गेली होती. ती नवऱ्याला नावानं, अरेतुरे करून बोलावते. तिचं ते बोलावणं माय हसून सोडून देई. मुलीचं पाहून बायकोनं तसं सुरू केलं, असं आम्ही धरून चाललो. एकदा कारण सापडलं की माणूस दुसरं कारण शोधत नाही. मी तर अजिबात शोधलं नाही.

नंतर ते रोजचं झालं. अंगणातून, गच्चीवरून, भाजीच्या गाडीपाशी उभी राहून ती मला नावानं हाका मारू लागली. शाळेत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत एका सहकाऱ्यानं विचारलं, "काय सर, आज घरची हजेरी झाली का? नावानं घेतली का नंबरानं?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. माझ्या न बोलण्याचं तिला काहीच वाटलं नाही. पूर्वी मी अर्धा दिवस गप्प बसलो तरी ती मागं मागं फिरायची, "काऊन बोलून नाई राह्यले?" म्हणून विचारायची. आता ती टीव्हीसमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, माजली आहे.

इतर गोष्टीही होत्या. त्या मी तेव्हा पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. गल्लीतला एक म्हातारा गेला तेव्हा बायका बसायला गेल्या. तिथं हिनं त्या घरच्या सुनेला विचारलं, "तेरवीले बुंदी कराल का जिलबी?" आणि मोठ्यानं हसली. शेजारीण येऊन मायला सांगून गेली. घरी आलेल्या पाहुण्याच्या बशीतली शेव तिनं सरळ मुठीनं उचलून खाल्ली. गुळाचा डबा दर आठवड्याला रिकामा होऊ लागला. आंघोळीचा कंटाळा करू लागली. ही बाई आमच्या गल्लीत नीटनेटकेपणासाठी नावाजलेली होती. पोळ्याच्या चवडीचे काठ जुळले नाहीत तर ती चवड पुन्हा लावायची. या सगळ्याची बेरीज मी केली नाही. माझ्या डोक्यात फक्त नाव होतं.

शेवटी मायच्या आग्रहावरून मी तिला संभाजीनगरला एका डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, शहरात वाढलेले, बोलायला चांगले. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. तिनं सगळं बरोबर सांगितलं. वजाबाकी तर माझ्यापेक्षा भराभर केली. मग त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्हाला नक्की काय बदल जाणवतो?"

मी टेबलाच्या काचेकडं पाहिलं. मग म्हणालो, "ती मला नावानं हाक मारते."

डॉक्टर हसले. त्यात टिंगल नव्हती. "सर, माझी बायकोसुद्धा मला नावानंच हाक मारते. आणि चिडली की आडनावानं. आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो.

त्या "नाही"बद्दल मला लिहायचं आहे, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. बुंदी-जिलबी सांगता आली असती, शेव सांगता आली असती, न केलेल्या आंघोळी सांगता आल्या असत्या. मला लाज वाटली. चिखलीतल्या मास्तरची बायको अशी आहे, हे त्या स्वच्छ शर्टातल्या मुलाला सांगावंसं वाटलं नाही. नावाचंच सांगून झालं होतं आणि तो त्यावर हसला होता. बाकीच्यावर तो हसला नसता, हे मला आज कळतं. डॉक्टरांनी बायकांच्या या वयातल्या बदलांबद्दल काही समजावलं, गोळ्या लिहून दिल्या. येताना बसमध्ये ती खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

मग शाळेत मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ झाला. पटांगणात मांडव होता. सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. बायको बायकांमध्ये तिसऱ्या-चौथ्या रांगेत होती. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी माइकसमोर उभा राहून पाहुण्यांचा परिचय देत होतो तेवढ्यात ती उभी राहिली आणि हात वर करून ओरडली,

"——— बे! पुरे कर आता. खाली ये, घरी जाऊ. मले भूक लागली."

मागच्या पोरांना हसू फुटलं. नंतर कित्येक दिवस मी वर्गातून बाहेर पडलो की मागून एखादा आवाज यायचा, "——— बे!" वळून पाहिलं की सगळे वहीत डोकं घालून बसलेले.

समारंभ झाल्याच्या आठवड्यात मी तिच्या भावाला बोलावून घेतलं. तिचं माहेर रोहिणखेडच्या पुढं, आडबाजूच्या खेड्यात आहे. भाऊ तिच्याहून लहान, शेती करणारा, साधा माणूस. तो जीप करून आला. मायनं गल्लीतली दोन जाणती माणसंही बोलावली होती. सगळे समोरच्या खोलीत बसले. बायको कोपऱ्यात शेंगा खात होती आणि टरफलं पदरात गोळा करत होती.

मी जे बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणालो, "हिला घेऊन जा. हिच्या तोंडातून माझं नाव जाईल, त्या दिवशी कळवा. मी स्वतः येऊन घेऊन येईन. तोवर नाही."

भाऊ म्हणाला, "दाजी, एवढ्यासाठी?"

"एवढं नाही हे."

"तिची काही चूक झाली असन तं म्या पाय धरतो तुमचे."

"पाय धरायचं काम नाही. नाव बंद झालं पाहिजे."

जाणत्या माणसांनी मान हलवली. मायनं तिची पिशवी भरून ठेवलीच होती. बायको उठली, टरफलं अंगणात झटकली आणि जाऊन जीपमध्ये बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मायच्या पाया पडली नाही, देवापुढं हात जोडले नाहीत. मला वाटलं, किती हा ताठा. जीप गेल्यावर मी घरात येऊन पेपर तपासायला बसलो आणि सगळे तपासून उठलो.

भाऊ अधूनमधून फोन करायचा. सुरुवातीला म्हणायचा, "दाजी, अजून घेते. सकाळी उठली का तुमच्या नावानं हाका मारते. तुम्ही इथं नाई, तरी मारते." मी म्हणायचो, "राहू दे मग." तिच्याशी बोलायला फोन मागितला नाही. मुलगी पुण्याहून भांडली, "बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?" तिला मी सांगितलं की आई माहेरी आराम करतेय. मुलगी मामाकडं जाऊन आली आणि म्हणाली, "आई माझ्याशी नीट बोललीच नाही, बाबा. रागावलीये." आम्ही सगळे तिच्या रागाचाच हिशेब लावत होतो.

हळूहळू भावाच्या फोनवरचा सूर बदलला. "आता कमी केलं तिनं." मग, "आता क्वचित." आणि एका सकाळी मी शाळेत जायला निघालो असताना त्याचा फोन आला. आवाजात असा आनंद होता की मला वाटलं, घरात कुणाचं लग्न जमलं.

"दाजी, ताई सुधरली! महिना झाला, नाव नाई तोंडात. कोनाशी वाकडं बोलणं नाई, हसणं नाई, काईच नाई. एकदम शांत. या तुम्ही, घेऊन जा."

मायनं त्या दिवशी पुरण घातलं. मी रजा टाकली. चिखलीहून बुलढाणा, तिथून मोताळा, पुढं काळीपिवळी जीपनं त्या गावी पोचलो. वाटेत मी काय काय बोलायचं ते मनाशी जुळवत होतो. झालं गेलं विसरू, असं काहीतरी. क्षमा करण्याची तयारी करत होतो, म्हणजे मी तिला.

ती ओसरीवर बसली होती. भावजयीनं तिचे केस विंचरून घट्ट वेणी घातली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. ती बारीक झाली नव्हती, उलट अंग सुटलं होतं. हात मांडीवर ठेवून समोरच्या निंबाकडं पाहत होती. मी समोर उभा राहिलो तरी पाहणं तसंच राहिलं.

भाऊ तिच्या शेजारी उकिडवा बसला. लहान मुलाकडून पाहुण्यांसमोर कविता म्हणवून घेतात तसा त्याचा चेहरा होता. माझ्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "ताई, हे कोन हायेत?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे कोन हायेत."

"पाहा!" भावानं मांडीवर थाप मारली. "घेतलं का नाव? नाई घेतलं! इचारा, तुम्ही इचारून पाहा."

मी हसत विचारलं, "ओळखलं का?"

"ओळखलं का," ती म्हणाली.

भावजय पदराआडून हसली. भाऊ हसला. मीही हसलो. हे मला लिहून ठेवायचं आहे. आम्ही तिघं त्या ओसरीवर आनंदानं हसलो आणि मग जेवलो.

परतताना बसमध्ये कंडक्टर आला. "कुठं?" त्यानं विचारलं. मी खिशातून पैसे काढेपर्यंत ती म्हणाली, "कुठं." कंडक्टर म्हणाला, "मी तुम्हाला विचारतोय, ताई." ती म्हणाली, "इचारतोय ताई." मागच्या सीटवरचं कुणीतरी हसलं. मी तिकीट काढलं आणि घाटभर तिच्याकडं पाहत राहिलो.

बुलढाण्याच्या स्टँडवर चिखलीच्या बसला वेळ होता. मी केळी घेतली. एक तिच्यासमोर धरून विचारलं, "हे काय आहे?"

"हे काय हाय."

"केळ."

"केळ."

तिनं ते सोलून खाल्लं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मी बाकावर तिच्याकडं वळून बसलो. आजूबाजूला माणसं होती, फलाटावर गाडी लागल्याची घोषणा चालली होती. मी म्हणालो, "माझं नाव घे."

"माझं नाव घे," ती म्हणाली.

मग बस आली. मायनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला घरात घेतलं.

मेंदूच्या आजारांच्या नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून मोठ्या होत्या. मलकापूरहून गाडी पकडून मी बायकोला घेऊन गेलो, तेव्हा मुलगीही पुण्याहून परस्पर तिकडं आली. बाईंनी बायकोला फार काही विचारलं नाही. तिचं पाहणं, बसणं, हाताची हालचाल बघत राहिल्या. मग मुलीला तिच्यापाशी बसवून मला आतल्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांगा. आणि मला आठवण-बिठवण नका सांगू. वागणं सांगा."

या वेळी मी सगळं सांगितलं. शेव, बुंदी, गूळ, मांडव. नावाचं सांगताना मी थांबलो, कारण त्या हसतील अशी भीती अजूनही होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

"उखाण्यात फक्त."

"मग पहिलं लक्षण तेच," त्या म्हणाल्या.

स्कॅन झाल्यावर त्यांनी त्याचं चित्र उजेडावर लावलं. कपाळामागचा भाग आक्रसला होता, अक्रोडाच्या आत गर वाळून फटी मोठ्या व्हाव्यात तसा. बाईंनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. विसरण्याचा आजार सगळ्यांना ऐकून ठाऊक असतो. हा आजार विसरण्यापासून सुरू होत नाही, वागण्यापासून होतो. कुठं काय बोलू नये, कुणाच्या ताटाला हात लावू नये, कुणाच्या दुःखात हसू नये, हे सगळं सांभाळणारा मेंदूचा भाग आधी वाळतो. आठवण, वजाबाकी, वार, महिना हे तेव्हा शाबूत असतात. म्हणून तपासणीत माणूस पास होतो. अलीकडच्या काळात याच्यावर बरंच काम चाललं आहे. त्याआधी अशा माणसांना उर्मट म्हणत, वाया गेलेलं म्हणत, काहींना घरातून काढत.

"आता तर आम्हाला असं शिकवतात," त्या म्हणाल्या, "की घरच्यांना विचारा, तुमच्याकडं काय चालत नाही? प्रत्येक गावचं न चालणारं वेगळं. पुण्यात नवऱ्याचं नाव घेणं हे लक्षण नाही. तुमच्याकडं आहे. तुमच्या आईला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. फक्त त्याला काय म्हणायचं ते कळलं नाही."

मी विचारलं, "मग नाव घेणं बंद झालं ते?"

"तो आजार पुढं गेला. आता बोलणंच हरवत चाललंय. ऐकलेलं तेवढं परत म्हणतात, पुढं तेही कमी होत जातं."

"लवकर आणलं असतं तर?"

त्यांनी चित्र उजेडावरून काढलं. "आजार असाच गेला असता. तो थांबवणारं औषध आज तरी आमच्याकडं नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या घरी असत्या, एवढंच."

ते "एवढंच" त्यांनी सहज म्हटलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मी खुर्चीतून उठलो तेव्हा मला काही झालं नाही. डोळे भरले नाहीत. बाहेर येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती आईला धरून रडली. आई तिच्या खांद्यावरून भिंतीवरचा पंखा पाहत होती आणि मीही काही वेळ तोच पंखा पाहत होतो. माझ्या मेंदूचा कपाळामागचा भाग धडधाकट आहे. मग मला का काही होत नाही, हे बाईंना विचारायचं राहून गेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी तिच्या भावाला फोन लावला.

"म्हंजे ताई सुधरली नोती?" त्यानं विचारलं.

"नाही."

मागं बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. मग म्हणाला, "दाजी, म्या तिले गूळ देऊन राह्यलो होतो. रोज संध्याकाळी बसवायचो. दाजीले काय म्हनशीन, असं इचारायचो. नाव घेतलं तं काई नाई. नाई घेतलं का एक खडा."

"तू काय वाईट केलंस? सांगितलं तर मीच होतं."

"हाव. पन खडा म्या देल्ला."

मला त्याला धीर देता आला नाही. तोही काही मागत नव्हता. आम्ही फोन ठेवला.

आता ती घरी आहे. सकाळी शाळेच्या आधी तिला आंघोळ घालणं, जेवू घालणं हे मी करतो. दिवसा एक बाई येते, आणि माय आहे. शाळेत कुणी टिंगल करत नाही. "हजेरी" म्हणणारा सहकारी आता मला टाळतो. परवा मज्जासंस्थेचा पाठ आला. मी आकृती काढली, बाण काढले. प्रमस्तिष्काची कामं सांगताना मी पुस्तकात नसलेलं एक वाक्य म्हणालो, की काय बोलू नये तेही इथंच असतं. मुलांनी ते लिहून घेतलं. एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेत येईल का?" मी नाही म्हणालो.

कधी कधी मला वाटतं की अडवणारं सगळं गळून पडल्यावर तिच्या तोंडून आधी बाहेर आलं ते माझं नाव होतं, म्हणजे ते आत कुठं तरी इतकी वर्षं थांबलेलं असणार. तसं मानायला मला आवडलं असतं. पण डॉक्टरीणबाई असं काही म्हणाल्या नाहीत, आणि स्वतःच्या सोयीचं मानून घेण्याची माझी सवय मला आता चांगली ठाऊक झाली आहे. एवढं मात्र खरं की माहेरी, मी समोर नसताना, ती रोज सकाळी मला हाका मारत होती. आणि फोनवर ते ऐकून मी "राहू दे मग" म्हणत होतो.

रोज चहा देताना मी तिच्यासमोर बसतो आणि माझं नाव सांगतो. ती ते परत म्हणते. मी म्हटलं म्हणून म्हणते, त्याच चढउतारानं, आणि कप तोंडाला लावते. ती मला बोलावत नाही. माझ्याच आवाजात माझं नाव परत येतं, विहिरीत वाकून ओरडल्यावर येतं तसं. आधी मला वाटायचं की एखाद्या दिवशी मी काही न बोलता बसेन आणि ती आपणहून म्हणेल. तसा मी बसून पाहतो. ती कपाच्या तळाशी राहिलेली साखर बोटानं पुसून खाते.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी असाच गप्प बसलो होतो. माय दारातून पाहत होती. तिला आता ऐकू कमी येतं, पण हे रोजचं तिला कळत होतं. ती आत आली, सुनेसमोर पाट ओढून बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"घे वं बाई नाव," ती म्हणाली. "घे त्याचं. मी काई नाई म्हनत. घे."

"घे," बायको म्हणाली.

"घे नाई. नाव. नवऱ्याचं नाव घ्याव लागते. असं घ्याव." माय थांबली. पदर डोक्यावर नीट घेतला, आणि माझ्या वडिलांचं नाव घेतलं. सरळ, मोठ्यानं, उखाण्याशिवाय. माझ्या जन्मात मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिथंही मी रेघच ओढतो.

"———. असं."

बायकोनं मायच्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं सासऱ्याचं नाव घेतलं. स्पष्ट, एकेरी, मायच्याच चढउतारानं.

"———. असं."

ज्या घरात सासऱ्याच्या नावाशी जुळणारा शब्दसुद्धा सून टाळते, त्या घरात ते नाव खोलीत पडून राहिलं. मायनं सुनेच्या हनुवटीवर ओघळलेला चहा पदरानं पुसला आणि मला म्हणाली, "जाय, शाळेले उशीर होऊन राह्यला तुले. मी बसतो हिच्यापाशी."

मी पिशवी उचलली. चप्पल घालताना आतून मायचा आवाज येत होता. ती सुनेला एकेक नाव सांगत होती, वडिलांचं, मग माझं, आणि प्रत्येक नाव मागून परत येत होतं.